गोजरबाईचा शब्द

माझी थोरली जाऊ गोजरबाई हसनाबादला पिठाची गिरणी चालवते. तिचे मालक गेले तेव्हा तिची शिवकन्या सातवीत होती. आमच्या घरच्यांनी गिरणी विकायची गोष्ट काढली तर म्हणाली, "विका की. गिऱ्हाईक आलं म्हंजे मला बी तिच्याच संगट दाखवा." पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

मी तिला अक्का म्हणते. ती चौथीतून उठलेली, मी बारावी झालेली. पण पट्टा चढवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची, सगळं तीच करते. मी वजन करते, डबे ओळीनं लावते आणि गप्प बसते. आमच्या दोघींचे स्वभाव असेच. तिच्या मनात आलं ते तोंडावर. एकदा गल्लीतल्या वसंताच्या बायकोनं गहू आणले तर म्हणाली, "वसंताला सांग, गव्हात खडे असते तर निवडले असते. हे तर खड्यात गहू हायत." बाई रुसली आणि दुसऱ्या खेपेला निवडलेले गहू घेऊन आली. मला असं बोलणं कधी जमलं नाही. मी भांडणाला घाबरते. खरं बोलून कोणाला दुखवलं नाही आणि खोटं बोलून कोणाला फसवलं नाही, म्हणून देव मला माफ करील, असं मला फार वर्षं वाटत होतं.

आमच्याकडं सोयरीक जमवताना मुलीकडचा एक माणूस आधी गुपचूप येऊन जातो. कोणाला सांगत नाही, पाहुण्याच्या घरी चहाही घेत नाही. हॉटेलात बसतो, दाढी करून घेतो, तिथं मुलाचं नाव काढून पाहतो. आमच्या गावात असा माणूस शेवटी गिरणीवर यायचाच. परक्या माणसाच्या हातात पाच किलो ज्वारीची पिशवी दिसली की मी ओळखायची, हा दळायला आलेला नाही. अक्काचं नाव पार भोकरदनपर्यंत गेलेलं होतं. मुलगा चांगला असला तर ती म्हणायची, "द्या डोळे झाकून." वाईट असला तर म्हणायची, "मला काय ठाऊक न्हाई, बाप्पा." एवढंच. त्याच्यावर शब्द नाही. तो माणूस पीठ घेऊन जायचा आणि परत यायचा नाही. कोणाची बदनामी नाही, आणि कोणाची लेक खड्ड्यात नाही.

गोपिकाबाई आमच्या गल्लीतली. अक्का आणि ती एकाच महिन्यात लग्न होऊन आल्या. शिवकन्या दोन महिन्यांची असताना अक्काला टायफॉईड झाला, दूध आटलं. तेव्हा गोपिकाबाईचा अंगद अंगावर पीत होता. एका बाजूला अंगद आणि एका बाजूला शिवकन्या घेऊन ती ओट्यावर बसायची, हे मी सासूबाईंकडून कितीदा तरी ऐकलंय. अक्का म्हणायची, "वंदे, हिचं ऋण माझ्याच्यानं कधीच फिटायचं न्हाई."

अंगद मोठा झाला, जालन्याला लोखंडाच्या कंपनीत लागला. शुद्धीवर असला की त्याच्याइतका गरीब पोरगा नाही. रस्त्यात दिसला तर माझ्या हातातला डबा घ्यायचा, "काकू, द्या इकडं." पण प्यायला की त्याचा हात आईवर पडायचा. बाप आधीच गेलेला. गोपिकाबाई दळायला यायची ती पदर गालावरून घेऊन. "दाराची फळी लागली," म्हणायची. अक्का तिला आतल्या खोलीत न्यायची, हळद गरम करून लावायची. हे आम्हा तिघींशिवाय गल्लीत फार कोणाला ठाऊक नव्हतं. तो आरडाओरडा करत नसे, आणि तीही करत नसे.

तीन वर्षांमागं अंगदचं जमायला लागलं. मुलगी वाटूरकडची, परतूर तालुक्यातली. इतक्या लांब कोणाची ओळख नाही. एका दुपारी गोपिकाबाई गिरणीत आली आणि तिनं अक्कासमोर पदर पसरला.

"गोजरे, माणूस येईल. तू 'ठाऊक न्हाई' म्हणू नको."

"मंग काय म्हणू?"

"चांगला हाय म्हण. लग्न झालं की सुधरतो गं माणूस. दोन लेकरं झाली की बराबर होतंय सगळं. मी आजवर तुला काय मागितलं का?"

तिनं दुधाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर अक्कानं तिला फटकारलं असतं, असं मला वाटतं. तिनं नुसता पदर धरून ठेवला.

चार दिवसांनी पुंजाराम आले. मुलीचे वडील स्वतःच. धोतर, पायात साधी चप्पल, हातात ज्वारीची पिशवी. दळण होईपर्यंत त्यांनी इकडची तिकडची चौकशी केली आणि मग म्हणाले, "इथं गोपिकाबाईचा मुलगा हाय म्हणे, कंपनीत. कसा हाय, ताई?"

अक्कानं गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर तिचा शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

"द्या डोळे झाकून."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "ताई, तुमचं नाव ऐकूनच आल्तो. आता माझं ओझं गेलं." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" मी पीठ चाळत होते. मी म्हणाले, "ह्या म्हणतात तसंच." आणि चाळतच राहिले.

त्या चतुर्थीला अक्का राजूरच्या गणपतीला अनवाणी चालत गेली. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही.

आकांक्षा सून होऊन आली. उंच, हसरी, डी.एड. अर्धवट सोडलेली. पहिले सहा महिने ती दळायला यायची तेव्हा अक्का तिच्या डब्यात हात घालून ज्वारी पाहायची, तिच्याशी चेष्टा करायची. मग एक दिवस आकांक्षाही पदर गालावरून घेऊन आली. आम्ही दोघींनी ते पाहिलं. अक्कानं डबा घेतला, दळलं, दिलं. हळद गरम केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात आकांक्षाचा हात मोडला. प्लास्टर गळ्यात अडकवून ती गिरणीवर आली, डबा नव्हता. गिरणीत आम्ही तिघीच.

"काकू, तुम्हाला ठाऊक होतं?"

अक्का खाली बघत होती.

"बाबा अजून म्हणतात, गोजरबाई खोटं बोलायच्या न्हाईत, तूच कुठं तरी चुकत असशील. मी आईला फोन केला तर आई बी तेच म्हणती. मी खोटी पडून राह्यले, काकू, तुमच्या खरेपणामुळं."

मग आकांक्षा हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला वाटलं असंल, एक आली की दुसरीचा मार कमी होईल." आणि निघून गेली.

अक्कानं त्या दिवशी गिरणी पुन्हा चालू केली नाही. बायका डबे घेऊन आल्या आणि परत गेल्या.

आकांक्षा माहेरी गेली. पुंजाराम तिला परत पाठवायला तयार होते आणि नव्हतेही. शेवटी मारुतीच्या देवळात बैठक ठरली. वाटूरची चार माणसं येणार, आमच्या गावची चार. धर्मराज पाटील आमच्याकडून बोलणार. गावात एकच बोलणं होतं, की गोजरबाईनं सांगितलेला मुलगा वाईट असूच शकत नाही, पोरगीच शिकलेली म्हणून नखरेल आहे. बैठकीत ठरणार होतं, ते आधीच ठरलेलं होतं. पोरीनं माफी मागून नांदायला यायचं.

आदल्या दिवशी गोपिकाबाई आली.

"गोजरे, खोटं बोल म्हणत न्हाई मी. तू फक्त येऊ नको."

"आणि पोरगी?"

"पोरगी येईल घरी. मी हाय की. मी सांभाळीन तिला."

"तुला कोण सांभाळतंय, गोपिका?"

गोपिकाबाईचं तोंड एकदम कडू झालं. "माझं मी बघून घेईन. माझं लेकरू हाय ते. तुझी लेक बी ह्याच अंगावर पिऊन वाढली, हे ध्यानात ठेव."

शेवटी तिनं ते काढलंच. अक्का म्हणाली, "ध्यानात हाय. त्याच्यापायीच तर खोटं बोलले."

बैठकीला अक्का गेली. मला म्हणाली, "वंदे, चल." मी म्हणाले, "घरी हरिपाठाला बायका येणार आहेत." बायका संध्याकाळी येणार होत्या, बैठक सकाळी होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गेली. म्हणून पुढचं मी शिवकन्येच्या तोंडून ऐकलेलं लिहिते. ती सासरहून आली होती आणि आईसोबत गेली होती.

धर्मराज पाटील म्हणाले, "आता गोजरबाईच आल्यात, तर त्यांनीच सांगावं म्हंजे मिटलं."

अक्का उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. "मी त्या दिवशी खोटं बोलले. अंगद पितो. लग्नाच्या आधीपासून पितो. पिऊन हात टाकतो. ते मला ठाऊक होतं आणि मी ह्या माणसाला डोळे झाकून द्या म्हणाले. ह्यांची लेक खरी हाय."

कोणी तरी म्हणालं, "आता का बोलून राह्यल्या मंग? तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"शिवलं असतं तर बरं झालं असतं," अक्का म्हणाली. "उघडलं, तेच वाईट झालं."

अंगद खाली मान घालून बसला होता. गोपिकाबाई उठली, मारुतीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "माझ्या लेकरानं मला आजवर बोट लावलेलं न्हाई. ही बाई विधवा झाल्यापासून माझ्यावर जळती." शिवकन्या सांगत होती, तेव्हा गोपिकाबाईच्या ओठाखालची जखम अजून ओली होती आणि सगळ्यांना दिसत होती.

पुंजाराम अक्काजवळ आले. शिवकन्येला वाटलं, हात जोडतील. ते म्हणाले, "ताई, मी पोरीवर विश्वास ठेवला न्हाई. तुमच्यावर ठेवला." आणि लेकीला घेऊन गेले.

आता दीड वर्ष झालं. आकांक्षा जालन्याला नर्सिंग करते आहे. अंगदची कंपनी सुटली, तो घरीच असतो. गोपिकाबाई आमच्याकडं दळायला येत नाही. डोक्यावर डबा घेऊन स्टँडजवळच्या गिरणीवर जाते, आमच्या दारावरून. संक्रांतीला अक्का तिळगूळ घेऊन गेली तर तिनं दार लावून घेतलं. चौकशीची माणसंही यायची थांबली. एक जण आला होता, धावडा गावचा. अक्का त्याला म्हणाली, "मला विचारू नका, दादा. मी एकदा खोटी निघालेली हाय." तो बिचारा गोंधळला आणि दळण न घेताच गेला.

मागच्या आठवड्यात आम्ही गोपिकाबाईला पाहिलं. एक हात बरगडीवर दाबून, भिंतीला धरून चालत होती. मी विचारलं, तर माझ्याकडं न पाहता म्हणाली, "म्हशीनं ढकललं." त्यांची म्हैस मागच्याच साली विकलेली.

परवा आकांक्षाचा फोन आला. मधून मधून करते ती अक्काला. अक्कानं ऐकलं, आणि एकदम फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. मला जमायचं न्हाई."

"काकू," आकांक्षा विचारत होती, "आत्याबाई कशा हायत? खरं सांगा. मी निघून आल्यापासून त्यांच्यावर..."

मी अक्काकडं पाहिलं. वाटलं, पोरीचं शिक्षण सुरळीत चाललंय, कशाला तिच्या डोक्याला ताप. आणि मी म्हणाले, "बऱ्या हायत गं. अंगदनं सोडली आता. माळ घातली त्यानं."

माझ्या स्वतःच्या गळ्यात माळ आहे. तरी जिभेला काही झालं नाही.

तिकडं ती रडायला लागली. "मंग मी थांबायला पाहिजे होतं का, काकू? मी जल्दी केली का?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी "न्हाई गं, न्हाई," एवढंच म्हणत राहिले. अक्कानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"पोरी, वंदी खोटं बोलली. तो तसाच हाय. तुझ्या सासूला चालता येऊन न्हाई राह्यलं. तू चुकली न्हाईस आणि तू बिलकुल यायचं न्हाई. ऐकू आलं का?"

मग ती म्हणाली, "त्यांना दवाखान्यात न्या."

"जाते मी. दार उघडलं तर नेते."

अक्कानं पायात चपला सरकवल्या. मला तिनं चल म्हटलं नाही. मी तिच्या मागं गेले. गोपिकाबाईचं दार आतून लावलेलं होतं. अक्कानं कडी वाजवली, हाक मारली, "गोपिका, मी हाय. उघड." आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. अक्कानं पुन्हा हाक मारली. तेव्हा दाराच्या अगदी जवळून गोपिकाबाईचा आवाज आला.

"घरी कोणी न्हाई."