खोटं बोलणारी लायब्ररी

भुईगावहून मनोहरच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या घरी चहा घेत होतो. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. बेचाळीस वर्षांचा होता... आणि मला, त्याच्या साहेबाला, पहिला विचार काय सुचावा? आज ड्रॉइंग्ज कोण उघडणार. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वसई पूर्वेच्या आमच्या साचे बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग्ज उघडायला एकच युनिक्स मशीन होतं, नव्वद सालच्या आसपासचा जुना कॉम्प्युटर. पुढे गिऱ्हाइकं नव्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग्ज पाठवू लागली आणि ते सॉफ्टवेअर आमच्या मशीनवर काही केल्या चालेना. तेव्हा मनोहरने दोघांच्या मध्ये बसणारी एक लायब्ररी, म्हणजे छोटासा जोडप्रोग्रॅम, लिहिली. नवा प्रोग्रॅम जे मागायचा ते जुन्या मशीनला ठाऊकच नसायचं. लायब्ररी ती मागणी मधल्या मध्ये पकडून जुन्याच सामानात भागवायची. प्रोग्रॅमने मशीनची आवृत्ती विचारली, तर बेधडक नवी सांगायची. "खोटं बोलायचं साहेब, पन काम खरं करून द्यायचं," तो हसून म्हणायचा. सॉफ्टवेअर बदललं की नवं ठिगळ, आणि ते लावणं फक्त त्यालाच जमायचं.

दोन हजार साली त्याला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. युनिक्सचंच काम, मोठी कंपनी. पत्र घेऊन तो आधी माझ्याकडे आला. मी म्हणालो, "सहा महिने थांब. नवं मशीन येतंय, ते आलं की खुशाल जा." तो थांबला आणि पुण्याची जागा भरली गेली. मशीन येणार नव्हतंच, कारण मी ते मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर मनोहर गेला असता आणि नवं मशीन बसवणं, शिकणं सगळं माझ्या गळ्यात आलं असतं. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढची पाच वर्षं, अगदी शेवटपर्यंत, माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

दहाव्याला गेलो तेव्हा त्याची आई ओटीवर बसली होती. "तुमी त्याला खूप मानायचे, असं म्हनायचा तो," ती म्हणाली. हे तो मनापासून म्हणाला असेल, की आईला बरं वाटावं म्हणून... मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या सोमवारी मी नव्या मशीनचा मागणी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जुने मशीन चालवणारे कोणी नाही.' मालकांनी तो वाचला, उभ्या उभ्या सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अहो, हे आधीच का नाही मागितलंत? मी नाही म्हटलं असतं का?"