काट्यावरच्या तात्यांची पुढली गाडी

भवानीनगरला मला माणसांत आणलं ते काट्यावरच्या तात्यांनी. दिवसभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं करायची आणि संध्याकाळी वाचनालयामागच्या खोलीत बुद्धिबळ खेळायचं, असा त्यांचा नेम. त्यांच्याइतका वेगानं खेळणारा आणि त्यांच्याइतका स्वतःचा वेळ उधळणारा खेळाडू साऱ्या इंदापूर तालुक्यात नसेल. चाल केली की घड्याळाचं बटण दाबून म्हणायचे, "पुढली गाडी." जणू समोरचा माणूस ट्रॅक्टर घेऊनच रांगेत उभा आहे. पण पाच मिनिटांच्या डावातही कुणी वडीलधारं दारात आलं, की तात्या उठणार, हात जोडणार, गुडघ्यांची चौकशी करणार.

"तात्या, येळ चाललाय तुमचा."

"जाऊ दे. माणूस दारात हाय."

या उठण्यापायी दरवर्षी त्यांचं बारामतीच्या स्पर्धेला जाणं हुकायचं. आमच्या त्या खोलीतल्या क्लबातून निवडीचे डाव जिंकणारा एकच जण जायचा.

मी गोंदियाकडचा, सातवीत शाळा सोडून वेल्डिंग शिकलेला आणि त्याच कारखान्यात लागलेला. चाल केली की बरोबर आहे का म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे बघायची मला खोड. त्या नादात बटण दाबायचं राहून जायचं आणि माझीच वेळ पळत राहायची.

सत्त्याण्णव साली निवडीचा शेवटचा डाव आम्हा दोघांतच आला. तात्यांचं नोकरीचं ते अखेरचं वर्ष. नंतर ते निरवांगीला शेतावर जाणार, म्हणजे ही शेवटची संधी. मला मात्र घरी एक पत्र धाडायचं होतं, आपल्यालाही काही येतं असं.

डाव रंगात आला आणि जुने हेडमास्तर दारात आले. तात्या उठलेच. परत बसले तेव्हा दोघांचीही वेळ संपत आलेली. मी हत्तीनं शह दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. घड्याळ माझंच पळत होतं. तात्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं, डाव त्यांचाच होता.

"पुढली गाडी," तात्या म्हणाले. "माझ्या तोंडावर काय लिवलंय व्हय? दाब की."

मी दाबलं. दोन-तीन चालींत त्यांची वेळ संपली, घड्याळावरचा लाल झेंडा पडला. हात मिळवत म्हणाले, "बारामतीत कुणाच्या तोंडाकडं बघू नगं. समदी माझ्यावानी देखणी नसत्यात."

बारामतीत मी दुसऱ्याच फेरीत हरलो, पण बटण एकदाही विसरलो नाही.

आता सुट्टीला निरवांगीला जातो. तात्यांचा हात थरथरतो, घोडा शेजारच्या घरात पडतो, तो मी सरळ करतो. बटण मात्र ते अजून विसरत नाहीत. कधीतरी विसरतील. त्या दिवशी डाव हातचा गेला तरी चालेल, मी गप्प बसणार नाही.