नाक खाली, वैशाली!

फ्लाइंग स्कूलमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. विमान उतरून उभं राहीपर्यंत किस्सा कॅन्टीनला पोचलेला असतो! जळगावजवळच्या आमच्या स्कूलमध्ये मी इन्स्ट्रक्टर. आवाज मोठा, धीर कमी. त्यामुळे निम्मे किस्से माझ्या ओरडण्याचे. यंदाचे मात्र सगळे वैशालीचे. सावद्याच्या केळीवाल्यांची पोरगी.

*

पहिल्या दिवशी विमान नुसतं जमिनीवर चालवायला दिलं. जमिनीवर ते पायांनी वळवायचं असतं. बाईसाहेबांनी हातातला कंट्रोल गर्रकन फिरवला. विमान सरळ गवतात निघालं! मी ब्रेक दाबला.

"अगं, हे काय?"

"सर, आमचा ट्रॅक्टर असाच वळतो."

*

एकदा तीन हजार फुटांवर मी मुद्दाम इंजिनाची पॉवर काढून घेतली. ती पांढरीफटक! "सर, पडलो आपण!"

"पंख कुठे गेलेत? नाक जरा खाली ठेव, वेग राहू दे. तरंगत जाईल."

तरंगलं. तरी कॅन्टीनमध्ये ती "इंजिन खरंच बंद पडलं तर?" हेच घोकत बसलेली. आमचे कॅन्टीनवाले नाना सोनगीरचे. चहा ठेवत म्हणाले, "बेटा, घारले कोठे इंजिन शे? बठ्ठा वाराना खेळ शे!"

घारीला इंजिन नसतं, सगळा वाऱ्याचा खेळ! दोन तास मी घसा फोडला ते नानांनी एका कपात उरकलं.

*

खरी भानगड स्टॉलची. नाक फार वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा सुटते, भोंगा वाजतो आणि विमान खाली येऊ लागतं. तेव्हा नाक खाली ढकलायचं. पण पडताना खाली ढकलायला माणसाचा हात धजतो का? वैशाली दरवेळी मागे ओढायची आणि मी दरवेळी ओरडायचो.

"सर, घारसुद्धा नाक वर करते!"

"झाडावर बसताना! तू आभाळात बसणार आहेस?"

ती हसली नाही. आमच्या चीफ इन्स्ट्रक्टर मॅडमनी तिला बजावलं होतं, हा शेवटचा चेक, म्हणजे परीक्षा, नाही जमलं तर घरी.

चेक मीच घेतला. तीनदा बरोबर केलं तिनं. पण तीनही वेळा माझ्या तोंडून "नाक!" निघून गेलं होतं. मॅडमना मी ते सांगितलं नाही. ती चूक माझी.

*

मग तिचा पहिला सोलो. ती एकटी वर, मी टॉवरमध्ये माइक धरून.

उतरायला आली आणि शेतातून दोन घारी नेमक्या समोर उठल्या. तिनं नाक वर ओढलं. रेडिओवर भोंगा ऐकू आला! म्हणजे घाबरून तिनं कंट्रोल एवढा आवळला होता की बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. बटण दाबलेलं असलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं, पण आपल्याला कुणाचंच येत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी ओरडत होतो, "नाक खाली! वैशाली, नाक खाली!"

भोंगा चालूच. तिचा श्वास ऐकू येत होता. देवा, पोरगी गेली, असंच वाटलं मला.

भोंगा थांबला.

नाक खाली आलं होतं. वेग धरला, पॉवर दिली, एक चक्कर मारून पुन्हा आली आणि नीट उतरली.

मी धावत गेलो. तिनं हेडफोन काढला. डोळे भरलेले.

"सर, आज तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत! एवढा विश्वास होता माझ्यावर?"

माझा घसा पार बसला होता. मी नुसती मान डोलावली.