सहा इंजेक्टर आणि कुंकवाचा करंडा

माझ्या ट्रकच्या मीटरवर नऊ लाख किलोमीटर दिसतात. खरा आकडा मलाही ठाऊक नाही, कारण मीटर तिथेच बंद पडला आणि मी तो दुरुस्त केला नाही. कशाला करू? म्हाताऱ्या माणसाला रोज वय विचारतं का कोणी?

गाडी उत्तम होती, फक्त धूर सोडायची. सकाळी शहाडला बिल्डिंगखाली सेल्फ मारला की काळा भपका थेट आमच्याच गॅलरीत. एक दिवस बायकोच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळी बसली. तिने ती चादर आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"अहो, बघा. पुन्हा एकदा जरी धूर दिसला ना, तर गाडी भंगारात आणि तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात."

भावाचं दुकान म्हणजे डोंबिवलीत झेरॉक्सचं. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस आता आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका कागदावर काढत बसणार! माझी तंतरली, खोटं कशाला बोलू.

तडक ठाकुर्लीला माझ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"इंजेक्टर गेलेत, दादा. डिझेलचा फवारा उडायला पाहिजे, तर नुसतं थेंब थेंब गळतंय. सहाही काढून साफ करू. पण टाकी आतून गंजलीये. ती धुवा आणि फिल्टर नवा टाका, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात."

"हो रे बाबा, हो," मी म्हटलं. टाकीकडे ढुंकून बघितलं नाही. जुनाच फिल्टर डिझेलमध्ये खळखळून धुतला, दोनदा आपटला आणि परत बसवला. आजवर तेच करत आलेलो. नवा फिल्टर घेणं म्हणजे मला स्वतःचा अपमान वाटायचा!

मिस्त्रीने आमच्या बिल्डिंगखाली येऊन इंजेक्टर काढून नेले. कल्याणहून साफ होऊन ते परत आले नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारं पूजेला, पान्याला हात लावायचा नाही. म्हणून सहाही इंजेक्टर घरी पाटावर मांडले, जॅक आणि पान्यांच्या शेजारी. टोकाच्या बारीक भोकांत धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकची टोपी होती. बायकोने करंडा उघडला, एकेकाला हळद-कुंकू वाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता धूर नको गं सोडूस, बाई." मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

दसऱ्याला मिस्त्रीने घरी येऊन टोप्या काढल्या आणि इंजेक्टर बसवले. झेंडूचा हार घालून गाडी चालू केली. धुराचं नाव नाही! चार दिवस मी छाती काढून फिरलो. पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ मारला आणि भस्सकन काळा ढग थेट गॅलरीत. बायकोने सरळ भावाला फोन लावला.

मिस्त्री धावत आला. बायकोही खाली येऊन हाताची घडी घालून उभी. त्याने एक इंजेक्टर काढून टोक पांढऱ्या फडक्यावर पुसलं, तर फडक्यावर लालसर भुकटी. तो टाकीचा गंज होता. धुऊन धुऊन फिल्टर फाटलेला. मिस्त्रीने माझ्याकडे बघत तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मीच ओरडलो.

"अगं, हे तर कुंकू! टोप्या काढून पूजा केलीस काय?"

बायकोने फडकं बघितलं, मग मला बघितलं.

"असेल," ती म्हणाली. "मग ह्यात गाडीची काय चूक?"

आणि तिथूनच भावाला फोन. "नको रे, गाडी राहू दे. माझ्याच हातून झालं." मिस्त्रीला एकाएकी खोकला आला. मला लाज वाटली, नाही असं नाही, पण आनंद त्याच्या दुप्पट झाला.

दुसऱ्याच दिवशी गुपचूप टाकी धुतली, नवा फिल्टर टाकला, इंजेक्टर पुन्हा साफ केले. धूर गेला. मग वर्षभर मी हा किस्सा लग्नात, बारशात, मेव्हण्याच्या दुकानातसुद्धा रंगवून सांगितला. बायको शेजारी बसून निमूट ऐकायची.

यंदा खंडेनवमीला पाटावर पाने, जॅक, आणि मध्ये एक खोका. डिझेलचा नवाकोरा फिल्टर! तिनेच जाऊन आणलेला. तिने त्याला कुंकू लावलं, मग पाटाखालून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. आत प्लास्टिकच्या सहा टोप्या. प्रत्येकीवर वाळलेल्या कुंकवाचा टिळा.

"टोप्या मी काढल्याच नव्हत्या," ती म्हणाली.

मी एक टोपी उलटसुलट करून बघितली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तेव्हा तुमचं तोंड बघितलेलं मी. झेरॉक्सच्या दुकानात बसवण्यासारखं नव्हतं ते. आता टाळ्या वाजवा, आरती सुरू करते."