दमट हवेतला मणी

इंदिरानगरातल्या आमच्या फिजिक्सच्या बाईंचा मण्याचा पहिला प्रयोग दरवर्षी फसायचा, आणि दरवर्षी त्या तो तितक्याच दिमाखात करायच्या. म्हणूनच त्यांचं नाव पडलं मणीबाई.

बारावीचा क्लास जूनमध्ये सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी सूत्र नाही, गणित नाही. सासूबाईंच्या माळेतला मधाच्या रंगाचा एक मणी काढून बाई सांगायच्या, हा तृणमणी, झाडाच्या डिंकासारख्या राळेचा युगानुयुगांनी झालेला खडा. ग्रीक लोक यालाच इलेक्ट्रॉन म्हणत. लोकरीवर घासला की काडीकचरा ओढून घेतो. पुढे विजेच्या इवल्या कणाला नाव हवं झालं, ते यावरूनच आलं. "ज्याच्याशी वर्षभर बोलायचंय, त्याचं नाव आधी विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग शालीवर मणी घासघास घासून कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कपटे ढिम्म. "हवा दमट आहे," असं म्हणून बाई पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या. मणी मेन रोडच्या बाजारातला प्लास्टिकचा असणार, असं मागून कुणी पुटपुटलं की म्हणायच्या, "कोरड्या हवेत प्लास्टिकही ओढतं, गाढवा."

थंडीत घरी प्रयोग जमतो, असं त्या सांगायच्या. पण थंडीत क्लासमध्ये सराव परीक्षा चालत आणि त्यातली पाच मिनिटंही बाई सोडत नसत. मुलांसमोर तो एकदाही जमला नाही, ही रुखरुख मात्र त्यांना होती.

आमची बॅच त्यांची शेवटची. नंतर बाई आपल्या मुलाकडे बंगळूरला जाणार होत्या. जानेवारीत, क्लासच्या शेवटच्या दिवशी त्या पेपर वाटायला उठल्या, तेवढ्यात लासलगावच्या सुनीलनं कांद्याची सालं टेबलावर ठेवली.

"बाई, आधी मणी. लय वाळलेली हायेत, आमच्या दादांच्या गाळ्यावरची."

बाईंनी वेळेवरून कुरकुर केली, पण पर्समधून मणी निघाला तो लगेच. त्यांनी तो शालीवर घासला आणि सालांजवळ नेला. आता तरी जमू दे, असं मी मनात म्हणत होते. एक साल हललं, उभं राहिलं आणि मण्याला चिकटलं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई सालाकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं मुलं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेली," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून चाललात."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. चष्मा पुसून त्यांनी पेपर वाटले. तीन तासांतलं एक मिनिटही सोडलं नाही. साल मात्र झटकलं नाही. मण्यासकट रुमालात गुंडाळलं आणि बंगळूरला नेलं.