उलट्या बसवलेल्या स्लाईडी

दळवीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजींच्या डोळ्यांचे फोटो काढत होतो. "बाबा गेले," एवढंच त्यांचा मुलगा म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या डोळ्याचा फोटो पुरा केला... त्याला आता दीड महिना झाला.

बडोद्याला मी आलो ते नव्वदीच्या दशकात, नवापूरहून, बी.एस्सी. होऊन. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निजामपुऱ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात फोटोच्या खोलीत काम मिळालं. काका तिथले प्रमुख, म्हणजे एकटेच. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात होते, काका स्वतः मॅट्रिक. मला कायम "ग्रॅज्युएट" म्हणत. "ग्रॅज्युएट, हा डोळ्याचा पडदा. हे पिवळे ठिपके म्हातारपणाचे. बारीक राहिले तर माणूस बहुधा शेवटपर्यंत पेपर वाचतो. मोठे होऊन एकमेकांत मिसळले, की डोळा धोक्यात." दर सहा महिन्यांनी ते त्याच माणसांचे फोटो काढत, जुन्या-नव्या स्लाईडी उजेडाच्या पेटीवर शेजारी ठेवत आणि कुठला डोळा आधी बिघडेल याचा अंदाज डॉक्टरांना देत. मग त्या पेशंटला चौकटींचा एक कागद मिळे. रोज चांगला डोळा झाकून तो बघायचा. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी यायचं. वेळेत आलेल्याची नजर लेसरने कधी कधी वाचे. उशिरा आलेल्याची वाचत नसे.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. धुऊन आलेल्या फिल्मचं एकेक चित्र फ्रेममध्ये बसवायचं काम माझं. काका सुट्टीवर होते आणि मी एक अख्खा रोल उलट्या बाजूने बसवला. फिल्म पारदर्शक, उलटी बसली की उजवा डोळा डाव्यासारखा दिसतो. मी दिसलं तशी लेबलं लावली. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेल्या चंपकभाईंचा डावा डोळा धोक्यात होता. त्यांना उजवा तपासत राहायला सांगितलं गेलं.

काका आल्यावर त्यांनी जुन्या स्लाईडी शेजारी ठेवल्या. "काय रे, सहा महिन्यांत ठिपक्यांनी घर बदललं?" नवी स्लाईड त्यांनी पालटून धरली. रक्तवाहिन्यांच्या फांद्या जुन्या फोटोशी तंतोतंत जुळल्या. त्यांनी लगेच स्कूटर काढली, मला मागे बसवलं.

चंपकभाई घराच्या ओट्यावरच होते, हातात कागद, डावा डोळा तळहाताने झाकलेला. "आवो दळवीभाई! रोज तमारी परीक्षा आपुं छुं. बधी लाइन सीधी!"

"आता हात बदला," काका म्हणाले.

त्यांनी उजवा डोळा झाकला. कागदावरच्या एका रेघेवरून बोट नागमोडी फिरवलं. "आ लाइन वांकी केम छे?"

"चंपकभाई, डोळा उलटा सांगितला गेला. चूक माझी. आत्ताच्या आत्ता चला."

मी तोंड उघडणार तोच काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. बिघाड अजून मध्यापासून जरा बाजूला होता, म्हणून लेसर करता आला. त्या डोळ्याला वाचण्यापुरती नजर राहिली. संध्याकाळी मी म्हटलं, "काका, मी सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची, माझी जुनी. उद्यापासून फिल्मची चकचकीत बाजू बघत जा, ग्रॅज्युएट." हा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही, थट्टेतसुद्धा नाही.

आता मशीन पडद्याचा उभा छेद दाखवतं, उजवा-डावा आपोआप छापतं. त्या काळचं रजिस्टर मात्र खोलीतल्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात त्या दिवसाचं पान काढलं. काकांचं ठसठशीत अक्षर : "रोल उलटा बसवला. चूक माझी." खाली सही. चंपकभाई जाऊनही काही वर्षं झाली, सांगायला कोणी उरलं नाही. "माझी" वर रेघ मारावीशी वाटली, पण काकांच्या अक्षरावर हात चालेना. त्यांच्या सहीखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं.