जिवनबाईचं जू

माझी सासू जिवनबाई पहिल्यांदा प्रार्थनेला गेली ती भांडायला. सासूला मी मामी म्हणते. आमचा तांडा साखऱ्याच्या जरा अलीकडे. साखऱ्यात पिठाच्या गिरणीमागे पत्र्याची एक खोली होती, आणि दर रविवारी वारंगा फाट्याहून संतराम पास्टर एसटीनं तिथं येऊन शास्त्र शिकवायचे. पूर्वी त्यांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे बोलणं साधं. माझे सासरे थावरा तिथं जाऊन बसायला लागले आणि रविवारी शेळ्यांचा वाडा झाडायचं काम मामीच्या गळ्यात पडलं. एका रविवारी ती झाडू हातात घेऊनच निघाली. मी मागोमाग, कारण असा तमाशा कोण सोडतं?

दारात उभी राहून ती कडाडली, "ह्या माणसाला काहून बसवून ठेवलं? आमच्या शेळ्या काय तुमचा देव राखून राहिला?"

"राखतो, असंच लिहिलंय मावशी," संतराम हसून म्हणाले. "बसा, तेच सांगून राहिलो."

हरवलेल्या मेंढराची गोष्ट चालली होती. शंभरातलं एक मेंढरू चुकतं आणि मालक बाकीची रानात सोडून त्याला शोधायला जातो. मामीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अन् मागची नव्व्याण्णव कोनाच्या भरवशावर सोडली त्यानं? लांडगं न्हाईत व्हय त्या मुलखात?"

"पुढच्या रविवारी सांगतो," पास्टर म्हणाले. झालं. मामी पुढच्या रविवारीही गेली, उत्तर वसूल करायला. मग तिला चटकच लागली.

तिला वाचता येत नव्हतं. मी नववीपर्यंत शिकलेली, म्हणून दुपारी तूर पाखडता पाखडता मी वाचायचं आणि तिनं निवाडा द्यायचा. शास्त्रातल्या पेत्र नावाच्या शिष्याबद्दल तिचं मत होतं की हा बाप्या आधी बोलतो आणि मग रडतो, थेट आपल्या घराण्यातला. प्रभू घरी आला तेव्हा दोन बहिणींपैकी एक नुसतं ऐकत राहिली, आणि जी स्वयंपाकात राबली तिलाच बोलणी बसली, हे तिला अजिबात पटलं नाही. त्या दिवशी तिनं चिडून मलाच भाकरी थापायला बसवलं, आणि स्वतः बाजेवर बसून म्हणाली, "वाच आता पाठ असंल ते, मी ऐकते."

पण हसता हसता ती बदलत होती, हे खरं. तिची जीभ साऱ्या तांड्याला ठाऊक. आधी शेळ्यांना शिव्या बंद झाल्या, मग कोंबड्यांना, मग सासऱ्यांना. माझा नंबर त्यानंतर लागला. सून असल्यावर एवढं चालायचंच. सगळ्यात शेवटी नंबर होता रुख्मिणीबाईचा, आणि तो काही केल्या लागत नव्हता.

रुख्मिणीबाई म्हणजे मामीची थोरली जाऊ. दोन घरांमध्ये कमरेएवढा दगडांचा बांध, आणि त्या बांधावर वर्षानुवर्षांचा अबोला. अबोल्याचं निमित्त माझंच लग्न. माझ्या माहेरची माणसं बाजेवर टेकायला लागली तेव्हा रुख्मिणीबाई भरमांडवात बोलून गेली, "तितं बसू नगा, जिवनीच्या गोधडीत जुवा हाईत." मांडव खदाखदा हसला. मामी हसली नाही.

उवा होत्या का? होत्या की. दोघींच्याही डोक्यात होत्या, कारण त्याआधी रोज दुपारी त्या उंबऱ्यात बसून एकमेकींचं डोकं बघायच्या. एकीच्या उवा दुसरीकडे आणि दुसरीच्या पहिलीकडे, अशी त्यांची माया होती. ती त्या दिवशी तुटली.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी थंडीत मामीनं पास्टरांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. कयाधू नदीला पाणी आहे तोवर उरकू, असं ठरलं. पास्टर म्हणाले, "एकच गोष्ट मावशी. कुणाशी अबोला असंल तर आधी तो मोडायचा. मन साफ करून पाण्यात उतरायचं."

"सगळ्यायशी बोलते मी," मामी म्हणाली. "एक सोडून."

"ती एकच तर हरवलेली हाय," पास्टर म्हणाले. बाप्तिस्मा तिला मनापासून हवा होता. त्या दिवसांत ती पहाटे उठून शेळ्यांमध्ये बसून प्रार्थना करायची, ते मी ऐकलंय. सगळ्यांची नावं घ्यायची. रुख्मिणीबाईच्या नावाशी आली की खोकायची आणि पुढं जायची.

पुढच्या रविवारी पास्टरांनी नवा पाठ काढला. थकल्याभागल्यांनो, माझ्याकडे या, माझं जू आपल्यावर घ्या, अशा अर्थाचा. मामी ताडकन उठली. लुगड्याचा पदर खोचला आणि चालायला लागली. मी धावत तिला गाठलं.

"अवो मामी, झालं काय?"

"त्याला कोनीतरी सांगितलं! भरसभेत मला जुवांवरून बोलला. म्हने माझ्या जुवा आंगावर घ्या! देवाच्या डोक्यात जुवा कशाला असतील? हे समदं रुख्मिणीचं काम हाय!"

आमच्या तांड्यात घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, बाजारात हिंदी, आणि दोन्हीकडे जू म्हटलं की आधी हात डोक्याकडे जातो. बैलाच्या मानेवरचं जू तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते वावरातलं. देवाच्या घरात बैलाचं सामान कोण आणेल, असा तिचा हिशेब. आणि दुखऱ्या जागी माणसाला आधी दुखरंच ऐकू येतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी तिला कसंबसं ओढून नेलं आणि पास्टरांच्या कानात प्रकार सांगितला. ते हसले नाहीत, निदान तोंडावर तरी. गिरणीसमोर ज्वारी घेऊन आलेली बैलगाडी उभी होती. त्यांनी मामीला तिथं नेलं आणि जुवावर हात ठेवला. "हे जू मावशी. एका बैलाचं नसतंय. नवा गोऱ्हा जुंपायचा तर शेजारी शहाणा बैल लागतो, व्हय का न्हाई? देव म्हणतो, मी हाय शेजारी, तू मान दे."

मामीनं जुवाकडे पाहिलं, मग पास्टरांकडे, आणि जी हसत सुटली ती थेट मातीत बसली. गाडीवानही हसला, बैल तेवढे गंभीर होते.

घरी येताना ती ओढ्यापाशी थांबून म्हणाली, "निता, समज देवानं खरंच तसल्या जुवा म्हटलं असतं, तर?"

"तर घेतल्या असत्या का तुमी?"

"देवाच्या घेतल्या असत्या." मग चार पावलं चालून, "तिच्या न्हाई."

त्या हंगामात रुख्मिणीबाईच्या घरची सगळी, नवऱ्यासकट, ऊसतोडीला गेली होती. ती एकटी मागं, आणि त्यात पाय घसरून उजवा हात मोडला. हाताला प्लास्टर. तिचे केस जुन्या वळणाचे, दोन्ही बाजूंना चांदीच्या घुगऱ्या गुंफलेल्या. एका हातानं त्या सुटतात होय? महिना झाला तरी डोक्याला फणी नाही. बाया भाजी-भाकरी द्यायच्या, पण हात लांब करून. मी जाते म्हटलं तर मामी म्हणाली, "पाय मोडीन तुझा."

एका दुपारी रुख्मिणीबाई उन्हात पाठमोरी बसून पऱ्हाटीच्या काडीनं डोकं खाजवत होती. मामी बांधापाशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिव्या, मला अजून कळलेलं नाही. मग ती घरात आली, लाकडी फणी आणि करंजाचं तेल घेतलं, आणि या वयात बांध ओलांडून पलीकडे उतरली. मी बांधाआड बसले, कारण आता खरा तमाशा होता.

"कोन हाय?" मागं सावली पडताच रुख्मिणीबाईनं विचारलं.

"मी. हालू नगं."

घुगऱ्या सोडवायलाच वेळ गेला. मग रुख्मिणीबाई हळूच म्हणाली, "जिवने, तुला लागतील."

"लागू दे."

"तवा मांडवात मी…"

"तवाच्या जुवा कवाच मेल्या, बाई. मान खाली कर."

मला रडू आलं, लपवत नाही. दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. फणी चालत होती आणि मामी शास्त्रातल्या गोष्टी सांगत होती, पेत्राची, दोन बहिणींची, चुकलेल्या मेंढराची. ती गोष्ट तिनं फार रंगवून सांगितली, लांडगेसुद्धा आणले. रुख्मिणीबाई मध्येच "मंग?" म्हणायची. इतक्या वर्षांनी बांधापलीकडून मामीचं हसणं ऐकू येत होतं.

रविवारी मामी पत्र्याच्या खोलीत सगळ्यांत पुढं बसली. पास्टरांनी विचारलं, "मावशी, त्या एकीचं काय झालं?"

मामीनं दोन्ही हातांनी खसाखसा डोकं खाजवलं. "घेतलं जू, पास्टर. दोनी बी."

खोली हसली, आणि आजूबाजूच्या बाया थोड्या सरकल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला. रुख्मिणीबाई, हात गळ्यात, नीट वेणी घातलेली. "मी देवाला न्हाई आले," तिनं आधीच बजावलं, "हिला बघाया आले. अन् पास्टर, हिची फुशारकी ऐकू नगा. एकच गेली हिच्याकडं. नव्व्याण्णव अजून माझ्याच डोक्यात हाईत."

मामीनं बाया सरकून मोकळी झालेली जागा थोपटली. "ये बाई, हितं बैस. माझ्या शेजारी."